वाकडी रेघ आणि अधिकचं चिन्ह

चि. मृण्मयीस,


तुझ्या पॉवर सप्लायची आकृती पाहिली. कंडेन्सरच्या दोन रेघांपैकी एक मध्येच वाकडी का, असं विचारलंयस. दोन्ही सरळ असल्या तर तो सहसा कसाही जोडला तरी चालतो. सिरॅमिकची चकती घे, नाहीतर छताच्या पंख्यातला अडीच मायक्रोफॅरडचा. एक रेघ वाकडी असली तर बहुधा इलेक्ट्रोलिटिक, आणि वाकडी बाजू मायनसची. युरोपी आकृत्यांत रेघांच्या जागी दोन आयत दिसतील, पोकळ तो प्लस, भरीव तो मायनस.

पण वाक पाहून सोल्डरिंग गन उचलू नकोस. जुन्या अमेरिकी रेडिओंच्या आकृत्यांत साध्या कागदी कंडेन्सरलाही वाकडी रेघ काढलेली असे. शेजारी अधिकचं चिन्ह आहे का, ते आधी बघ. माझा भरवसा त्याच्यावरच.

कागदावरून वस्तूकडे आलीस की आणखी एक गंमत. अ‍ॅल्युमिनियमच्या डबीवरचा पट्टा मायनस दाखवतो, टॅंटलमवरचा पट्टा मात्र प्लस! हा खोडसाळपणा कुणाच्या डोक्यातून निघाला, देव जाणे. अ‍ॅल्युमिनियमचा उलटा जोडलास तर फॉइलवरचा ऑक्साइडचा पातळ थर मोडतो, आतून करंट वाहू लागतो, आतला द्रव तापतो, वायू साचतो. मोठ्या डबीच्या टोपीवरची फुली त्यासाठीच कोरलेली असते. फुटायचंच झालं तर तिथून फुटावं.

आकृतीच्या कोपऱ्यात ओळीने काढलेले ते पाच '१०४' तू बोर्डावरही एकाच जागी लावायला निघाली आहेस. तसं करू नकोस. १०४ म्हणजे दहावर चार शून्यं, एक लाख पिकोफॅरड, अर्थात ०.१ मायक्रोफॅरड. आकृती सुटसुटीत दिसावी म्हणून ते तिथे मांडलेत. प्रत्यक्षात प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पायांना खेटून एकेक हवा. आयसी क्षणात करंट मागते आणि लांबच्या तारेतून तो यायला उशीर होतो. गच्चीवर टाकी असली तरी मोरीत भरलेली बादली लागतेच ना, तसं.

मोठा फिल्टर कंडेन्सर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा लिहिलाय. दुकानदार १६ व्होल्टचा पुढे करील, घेऊ नकोस. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला ब्रिज लावला की कंडेन्सरवर साडेपंधराच्या आसपास व्होल्टेज येतं, आणि लोड नसताना त्याहूनही चढतं.

तुझा,
मामा