नऊ खुर्च्या

आमच्या धाकटीचा आठवा वाढदिवस आला, तेव्हा खेळांची सगळी जबाबदारी सौ.ने माझ्यावर टाकली. "तुम्ही मास्तर. मुलं कशी खेळवायची ते तुम्हांलाच ठाऊक," ती म्हणाली. मास्तराला मुले गप्प कशी बसवायची एवढेच ठाऊक असते, हे मी तिला सांगितले नाही.

सणसवाडीतल्या आमच्या बिऱ्हाडापासून पुणे-नगर रस्ता हाकेच्या अंतरावर. भोवती कारखाने, आणि चाळीत कारखान्यांत राबणारी बिऱ्हाडे. कुणी लातूर-नांदेडचे, कुणी थेट बिहारचे. अंगण मात्र ऐसपैस. मी एका पाठकोऱ्या कागदावर बेत आखला. मुले आल्याआल्या लगोरी, म्हणजे अंगातली रग जिरेल. मग संगीत खुर्ची. खाणे झाल्यावर धावपळ नको, म्हणून ताटातल्या वीस वस्तू मिनिटभर पाहून आठवायच्या. मुले दहा, खुर्च्या नऊ.

धाकटीने यादी वाचली. म्हणाली, "बाबा, पलीकडच्या दादाला नको बोलवायला."

"का ग?"

"त्याची आई कामावर जाते. तो छोटीला कडेवर घेऊनच येतो, म्हणून पहिला बाद होतो. मग नुसता बघत बसतो. मला वाईट वाटतं."

मी कागद उलटा करून हिशेब मांडला. दहा मुलांच्या नऊ फेऱ्या. पहिल्या फेरीत जो बाद होईल, त्याने पुढच्या आठ फेऱ्या भिंतीला टेकून पाहायच्या. ज्याच्या वाट्याला खेळ एरवीच कमी, त्याला इथेही सर्वांत कमी! आणि मी इतकी वर्षे संमेलनांतून शिट्टी तोंडात धरून 'बाद, बाद' करीत आलो होतो. भिंतीकडे कधी वळून पाहिले नव्हते.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्या थोर बाईंनी शाळा हलवली. मला तर एक नियम तेवढा हलवायचा होता.

मी यादी तशीच ठेवली आणि नियम बदलला. गाणे थांबले की खुर्ची काढायची, मूल काढायचे नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी मावायचे.

वाढदिवसाच्या संध्याकाळी सात खुर्च्यांपर्यंत मुले एकमेकांना ढकलत होती. पाचांवर आल्यावर मांडीवर बसणे सुरू झाले. तीन उरल्या, तेव्हा खुर्च्या मोडतील या धाकाने मी त्या उचलून बाज टाकली. आता ढकलाढकली संपून ओढाओढी लागली. 'इकडे ये', 'पाय वर घे', 'माझा हात धर'. पलीकडचा दादा बाजेच्या कडेला कसाबसा टेकला होता. त्याची कड मात्र रिकामी होती. छोटी हातोहात पुढे जाऊन बरोबर मधोमध बसली होती आणि टाळ्या पिटत होती.

धाकटीने डोकी मोजली. पुन्हा मोजली.

"बाबा, आम्ही अकरा आहोत!"

मी सौ.कडे पाहिले. खाऊच्या पुड्या आम्ही दहाच बांधल्या होत्या. ती काही न बोलता आत गेली आणि डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला.