हिशेबाची वही

पैसा मिळवण्यास कष्ट पडतात, हे शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या मुलांना शिकवावे लागत नाही. परंतु मिळवलेला पैसा राखणे हीही एक विद्या आहे, आणि ती नसल्यामुळे चांगली कष्टाळू घरे उघड्यावर येतात, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. ही विद्या मोठ्या कष्टाने आपलीशी करून तिच्यावरच उपजीविका उभारणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याची हकिकत मी येथे सांगणार आहे.

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा दुष्काळी मुलूख. येथील पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष पूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला असत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. महिन्यांमागून महिने लोटले, पण संप मिटेना. अखेर हजारो कुटुंबे भांडीकुंडी बांधून गावाकडे परतली. त्यांतच या मुलाचे घर होते. 1984 साली मी त्या भागातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा तो पाचवीत होता. अंगात थोरल्या भावाचा ढगळ सदरा, पाय अनवाणी. पण अक्षर मोत्यासारखे!

त्याचे वडील गिरणीत सोळा वर्षे राबले होते. पुढे हिशेब चुकता होऊन त्यांना फंडाची रक्कम मिळाली. तिच्यातून विहीर खणावी, असा त्यांचा मनसुबा होता. इतक्यात एक गोडबोल्या गृहस्थ गावात आला. "दोन वर्षांत दामदुप्पट," असे त्याने सांगितले, छापील पावत्या दिल्या आणि एके दिवशी तो नाहीसा झाला. विहीर राहिली, फंडही गेला. मुलाची आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडू लागली. वडील कोणाशी फारसे बोलेनासे झाले.

हा मुलगा नववीत असतानाची गोष्ट. मी मराठीचा शिक्षक. परंतु आमची शाळा लहान, त्यामुळे गणिताचे शिक्षक रजेवर असले की तो तासही माझ्याकडे येई. त्या दिवशी फळ्यावर चक्रवाढ व्याजाची उदाहरणे चालली होती. त्याच वर्षी, म्हणजे 1988 साली, पोस्टाची किसान विकास पत्रे निघाली होती. त्यांत ठेवलेली रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. मी तेच उदाहरण घेतले. तास संपला, मुले बाहेर गेली, तरी हा बाकावरच बसून होता. थोड्या वेळाने तो वही घेऊन माझ्याजवळ आला. शेकडा 41 दराने 100 रुपयांचे पहिल्या वर्षी 141 आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ 199 होतात, असे त्याने मांडले होते.

"सर, सरकारला दुप्पट करायला साडेपाच वर्षं लागतात. मग तो माणूस दर साल शेकडा 41 कुठून देणार होता?"

मी काही बोलण्याआधीच त्याने खालच्या आवाजात विचारले, "हे वडिलांना दाखवू का?"

"दाखव," मी म्हणालो, "पण त्यांचा दोष काढण्यासाठी नको. पुन्हा कोणी फसू नये, म्हणून दाखव."

दुसऱ्या दिवशी तो सांगू लागला. वडिलांनी कंदिलाच्या उजेडात ती वही बराच वेळ पाहिली होती आणि ते एवढेच म्हणाले होते, "पोरा, ह्ये मला कुनी आधी सांगितलं असतं तर!"

त्या एका वाक्याने मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. दहावीनंतर तो साताऱ्यात एका आडत दुकानी खतावण्या लिहू लागला. रात्री अभ्यास करून त्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी मिळवली. पुढे पुण्यात तो विमा प्रतिनिधी झाला.

एकदा त्याच्याकडे एक विधवा बाई आली. पतीच्या विम्याचे पैसे तिला नुकतेच मिळाले होते. ते नव्या योजनेत गुंतवले असते, तर त्याला चांगले कमिशन मिळाले असते. परंतु त्याने आधी तिचे कर्ज विचारले. सावकाराचे व्याज दरमहा शेकडा 3, म्हणजे वर्षाला 36 होते. तो म्हणाला, "ताई, एवढं उत्पन्न देणारी खात्रीची गुंतवणूक जगात नाही. आधी हे कर्ज फेडा. उरेल ते पोस्टात ठेवा." त्या व्यवहारात त्याला एक पैही मिळाली नाही. घरी लहान मुले, डोक्यावर भाड्याचे छप्पर. तरी त्याचा शब्द ढळला नाही.

2013 साली सेबीने गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले. सल्लागाराने ठरावीक परीक्षा द्यावी, नोंदणी करावी आणि सल्ल्याचा मोबदला ग्राहकाकडूनच घ्यावा, असे त्यांत होते. चाळिशीच्या उंबरठ्यावर तो पुन्हा परीक्षेला बसला आणि उत्तीर्ण झाला. कमिशन सोडल्यामुळे पहिली काही वर्षे त्याची प्राप्ती घटली. पण हळूहळू लोकांचा विश्वास बसला आणि व्यवसाय स्थिरावला. येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिला प्रश्न विचारतो, "घरातला कमावता हात एकाएकी थांबला, तर चूल किती महिने पेटेल?" निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा, मग विमा उतरवायचा आणि त्यानंतरच गुंतवणुकीची भाषा करायची, असा त्याचा क्रम आहे. संपाच्या दिवसांत आईने रिकाम्या डब्यांवरून हात फिरवलेला त्याने पाहिला होता; हा क्रम त्याला तेथेच सुचला असावा.

मुलांनो, संकट सर्वांवरच येते. त्यामुळे कोणी कडवट होतो, कोणी दुसऱ्याला लुबाडून आपली भरपाई करतो. या मुलाने मात्र आपल्या घराला जे कोणी सांगितले नाही, ते इतरांना सांगण्याचे व्रत घेतले. तुमच्या वहीतील व्याजाचे उदाहरण सोडवताना एवढे लक्षात ठेवा, की त्या आकड्यांच्या मागे कोणाची तरी विहीर असते.