लागते, विझते

मिस्त्र्यासमोर गाडी उभी केली की डॅशबोर्डवरची इंजिनची पिवळी लाइट लागत नाही. "आत्ता लागूलालीय का? नाही ना? मग काय बघू?" लातूरच्या गॅरेजात हा सवाल ऐकून चिडू नये, तो रास्त आहे. कायमचा बिघाड स्कॅनर लावून सापडतो. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाला मात्र पाळत ठेवून धरावं लागतं, आणि ते काम मालकाचं आहे.

*

त्यासाठी एक वही गाडीतच ठेवावी. लाइट लागली ती वेळ, गाव, वेग, गिअर, एसी चालू की बंद, इंजिन किती तापलं होतं, पेट्रोल कधी भरलं, आदल्या दिवशी पाऊस झाला किंवा गाडी धुतली का, हे सगळं लिहावं.

आमच्या पेट्रोल गाडीच्या नोंदी जमत गेल्या तसं चित्र दिसू लागलं. नांदेडहून पहाटे निघालं तर काही नाही. दुपारच्या उन्हात निघालं तर लोहा, माळेगावपर्यंत ठीक; अहमदपूर जवळ आलं, एसी चालू, गाडी भरलेली, वरच्या गिअरमध्ये दाबली की एक हिसका बसायचा आणि थोड्या वेळानं पिवळी लाइट. परतीला, लातूरहून नांदेडला येताना, काहीच नाही. नकाशा पाहिल्यावर उलगडलं: गोदाकाठाहून बालाघाटाच्या पठारावर जाणारा हा रस्ता एकूण चढाचा आहे. म्हणजे उष्णता आणि भार, दोन्ही एकत्र आले तरच. निम्मं निदान इथंच झालं होतं.

*

लाइट आपोआप विझते कशी? त्याचा नियम ठरलेला आहे. बरेचसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच कॉम्प्युटर लाइट लावतो. पुढच्या तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर ती विझवतो. पण कोड आत राहतो. साधारण चाळीस वेळा इंजिन थंडाचं गरम होईपर्यंत तो पुसला जात नाही. गावातल्या छोट्या फेऱ्यांत लाइट गेली म्हणून गाडी बरी झाली असं समजणारे बरेच भेटतात. दोष तिथंच असतो, फक्त त्याला लागणारी परिस्थिती आलेली नसते.

*

ही लाइट मुळात प्रदूषणाच्या कायद्यातून आली. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीचे दोष स्वतः ओळखणारी यंत्रणा (ओबीडी) सक्तीची झाली, १९९६ पासून सगळ्या अमेरिकेत 'ओबीडी-२' आली. आपल्याकडे भारत स्टेज ४ बरोबर २०१० मध्ये पहिला टप्पा आणि २०१३ मध्ये ओबीडी-२. स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट त्याचंच. धूर बिघडवणारी प्रत्येक गोष्ट ही लाइट लावू शकते, म्हणून तिची कारणं शेकड्यांनी आहेत.

*

आमचा कोड पी०३०३. तीन नंबरच्या सिलिंडरला मिस, म्हणजे तिथं पेट्रोल नीट पेटत नाही. कोडबरोबर 'फ्रीझ फ्रेम' मिळते: दोष नोंदला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान, भार. वहीतल्या नोंदी आणि ती फ्रेम जुळली, तेव्हा फार बरं वाटलं.

"कॉइल गेली, बदला" हा सल्ला लगेच मिळतो. कोड फक्त तक्रार सांगतो, गुन्हेगाराचं नाव नाही. मिस कॉइलमुळे असेल, प्लगमुळे, इंजेक्टरमुळे, वायरमुळे किंवा कॉम्प्रेशन कमी असल्यामुळे. पैसे न घालता करायची तपासणी सोपी आहे: तीन नंबरची कॉइल एकवर लावा, एकची तीनवर. आता पी०३०१ आला तर कॉइल दोषी. आमचा कोड तीनवरच राहिला. प्लगही बदलून पाहिले, तरी तीनच.

मग एका जुन्या वायरमनकडे गेलो. त्यानं इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून हात जपत, वायरिंग कपलरपासून वीत-वीतभर हलवत नेलं. एका ठिकाणी इंजिन खोकलं. टेप सोडली. आतल्या वायरीवर दातांच्या खुणा होत्या, तांबं हिरवं पडलेलं, आणि बारीक तारांपैकी मोजक्याच शाबूत. थंड गाडीला तेवढ्या पुरत होत्या. भार पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. गरम झालेल्या, अर्धवट तुटलेल्या वायरीतून कॉइल पुरती भरत नव्हती. खराब तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. कॉइल जुनीच आहे आणि उत्तम चालते आहे.

*

त्या खुणा उंदराच्या. उंदरांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडणं त्यांना भागच असतं. आपल्याकडे सोयाबीन निघालं, ऊस तुटला की रानातले उंदीर वस्तीकडे वळतात आणि उबदार बॉनेटखाली शिरतात. (वायरींच्या आवरणात सोयाबीनचा अंश असल्यानं उंदीर येतात, असा दावा घेऊन अमेरिकेत गाडीमालक कोर्टात गेले होते. सोयाबीनचा बाजार असलेल्या लातूरकरांना हे ऐकून नवल वाटेल.) सुगीनंतर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या, काडीकचरा दिसतो का ते पाहावंच.

*

लाइट स्थिर पिवळी असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर सावकाश घर गाठता येतं. ती लुकलुकायला लागली तर मिस जोरात आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि महागडा भाग वितळू शकतो. पाय लगेच हलका करावा, थांबावं. ऑइलची लाल लाइट हे वेगळं प्रकरण; तिथं इंजिन त्याच क्षणी बंद.

*

एक कळकळीची विनंती. गॅरेजात स्कॅनर लावला की "कोड उडवू का?" असं विचारतात. आधी कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढा, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा, मगच हो म्हणा. कोड उडवला की फ्रीझ फ्रेमही जाते, आणि पुढच्या मिस्त्र्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.