डब्बा विरुद्ध पाटी, व्हाया लॅमिंग्टन रोड

शनिवारची दुपार. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं आणि गर्दीबरोबर पाच-सात मिनिटं चालत राहायचं. रिमोटचे ढीग, केबलची भेंडोळी, सीसीटीव्हीचे कॅमेरे आणि 'क्या चाहिये बॉस?' असं विचारणारे चेहरे दिसायला लागले, की समजा लॅमिंग्टन रोड आला. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. इथल्याच मिनर्व्हा थिएटरात 1975 मध्ये लागलेला 'शोले' पाच वर्षं उतरला नव्हता. आता ते थिएटर नाही. पण पडदे बघायचे तर याच रस्त्यावर यावं लागतं, फक्त ते आता दुकानांत लटकतात.

मी आलो होतो बाबांसाठी. डोंबिवलीच्या घरातल्या एकवीस इंची डब्ब्यावर एका संध्याकाळी चित्राऐवजी फक्त एक आडवी पांढरी रेघ उरली. मी लगेच पंचावन्न इंची, ईएमआय वगैरे सुरू केलं. बाबांनी कपाटातून एक डीव्हीडी काढून हातात ठेवली. 1991 सालच्या त्यांच्या लग्नाची, व्हिडीओ कॅसेटवरून उतरवलेली. "यावर कसं दिसतं ते बघून ये." आई जाऊन चार वर्षं झाली. तिचं हलतं-बोलतं चित्र घरात तेवढंच आहे. म्हणजे प्रश्न टीव्हीचा नव्हताच.

एकच लग्न, दोन पडदे

पहिल्या शोरूममध्ये डीव्हीडी नाव काढताच सेल्समन हसला. तिथे पडद्यांवर फक्त पोपट, समुद्र आणि कापलेली फळं. दुसऱ्या गल्लीत एक रिपेअरवाले काका भेटले. बाकावर जुना डब्बा चालू, भिंतीवर नवा त्रेचाळीस इंची फोर-के एलईडी. "लावू की दोन्हीवर," म्हणाले.

आधी नव्यावर लावलं. आईचा चेहरा मेणाचा. शालूच्या काठाला करवतीसारखे दात, आणि अंतरपाट हलला की चित्र पुसल्यासारखं. मग डब्ब्यावर. तोच चेहरा एकदम माणसाचा! कॅसेटचा धुरकटपणा होता, पण नजर त्यावर अडकत नव्हती.

काकांनी चहा सांगितला आणि हिशोबही. आपलं जुनं टीव्हीचं चित्र म्हणजे 576 ओळी, डीव्हीडीवर प्रत्येक ओळीत 720 ठिपके. फोर-केत 3840 गुणिले 2160. म्हणजे एका ठिपक्याच्या माहितीवर वीस ठिपके भरायचे. उरलेलं टीव्ही अंदाजाने भरतो, आणि अंदाज चुकला की मेण होतं. पिक्चर ट्यूब मुळात त्याच मापाच्या चित्रासाठी बनलेली. तिच्या मऊ कडांमध्ये दोष झाकले जातात. शिवाय तिथे प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझतो, म्हणून हालचाल स्वच्छ दिसते. एलसीडी मात्र पुढची फ्रेम येईपर्यंत चित्र धरून ठेवतो, आणि डोळा पुढे सरकला की ते फरफटतं. आणि हो, 'एलईडी' म्हणून विकला जातो तोही बहुतेक वेळा एलसीडीच, फक्त मागचा दिवा एलईडीचा.

मग काय, डब्बाच भारी? थांबा. काकांनी नव्यावर एचडी मॅच लावली. गवताची पात, जर्सीवरचा घामाचा डाग, धावफलकातली बारीक अक्षरं. डब्ब्यावर तेच अक्षर म्हणजे मुंगी. इथे तुलनाच नाही.

शेवटी त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. अंधारात डब्ब्यावरचा काळा खरंच काळा. एलसीडीचा राखाडी, कारण मागचा दिवा गळतो. शेजारच्या दुकानातल्या ओएलईडीवर मात्र काळा परत आला होता. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. प्लाझ्माचाही काळा असाच खोल होता, पण मोठ्या कंपन्यांनी तो 2014 च्या सुमारास गुंडाळला. ओएलईडीची किंमत विचारली आणि मी चहा संपवला.

तुम्ही जाणार असाल तर

रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. घरी जे बघता तेच पेन ड्राइव्हवर न्या. दुकानातला भडक मोड बदलून 'सिनेमा' करायला सांगा. आणि पडद्याच्या बाजूला उभे राहून बघा. आयपीएस पॅनल बाजूनेही रंग सांभाळतं, पण काळा फिका. व्हीएचा काळा गडद, पण कोपऱ्यातून चित्र उतरतं. बाबा खिडकीजवळच्या दिवाणावर, टीव्हीला तिरके बसतात. पंचावन्न इंच बाद झाले. त्रेचाळीस इंची आयपीएस घेतला.

डब्ब्याचं काय? "व्हर्टिकलचा आयसी गेलाय, स्वस्तात होईल," काका म्हणाले. "पण ट्यूब गेली तर नवी मिळणार नाही, कोणी बनवतच नाही." आयसी घेऊन टाकला.

रविवारी नवा टीव्ही भिंतीवर चढला. भडकपणा उतरवला, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणला. मेण बरंच कमी झालं. बाबा थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "तुझी आई एवढी जाडी कधीच नव्हती."

चौकोनी चित्र पडदाभर ताणलं गेलं होतं. मी 4:3 केलं. दोन्ही बाजूंना पट्ट्या आल्या, काळ्या म्हणायच्या, पण राखाडीच. मधे आई आली, होती तशी.

"आता ठीक," बाबा म्हणाले. डब्बा आतल्या खोलीत आहे. आयसी बसवला की तोही चालू करणार आहोत.