आधी झोपायला जागा

चि. बाळूस,

काल फोनवर म्हणालास, "मावशी, सिनेमा गोड आहे गं, पण लढाईवरून आलेली माणसं अशी? एकाचीही झोप उडालेली नाही!" रात्रभर तेच डोक्यात. आणि हे कुणी म्हणावं, तर अठरा वर्षं फौजेत काढलेल्या तुझ्यासारख्याने?

अरे, 'इट हॅपन्ड ऑन फिफ्थ ॲव्हेन्यू' 1947 चा. महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली. इमारत पाडायला काढली म्हणून त्यातला फौजी जिम स्वतःला पलंगाला जखडून घेतो, तिथे तू खो खो हसला असशील. मीही हसले. पण लढून आलेल्या गड्याचं हक्काचं म्हणावं असं काय, तर भाड्याच्या खोलीतला तो पलंग! पुढे बागेतलं बाकडं. तिथून त्याला घरी नेतो मॅकीव्हर. आणि घर तरी कुणाचं? कोट्यधीश हिवाळ्यात बाहेरगावी गेला की त्याच्या बंद हवेलीत गुपचूप बिऱ्हाड थाटणारा म्हातारा तो. जिमचे फौजेतले मित्र बायकापोरांसकट मोटारीत राहतात, कारण पोरंबाळं असली की घरमालक दार लावून घेतात. जिमचं आणि त्या कोट्यधीशाच्या मुलीचं, ट्रुडीचं, जमतं तेही त्याच चोरट्या छपराखाली. (मधली गाणी मलाही कंटाळवाणी वाटली, ते सोड.)

अमेरिकेत 1944 च्या जीआय बिल नावाच्या कायद्याने सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारची हमी दिली होती. पण विकत घ्यायला घरं कुठे होती? आधी मंदी, मग युद्ध. बांधकामं वर्षानुवर्षं रखडलेली. म्हणून जिम आणि त्याचे मित्र रिकामी लष्करी छावणी घेऊन बराकींची घरं करायला निघतात. झोप उडायला आधी झोपायला जागा लागते, बाळू! फौजी परत आला म्हणजे काय, हे मी छपरावरून ठरवते; हार-तुरे, सत्कार, भाषणं सगळं मागाहून.

आता रागावू नकोस. पेन्शनीत येऊन तुला सहा महिने झाले. दादाच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपतोस, सूनबाई आणि पोरं तिच्या माहेरी. वहिनी म्हणत होती, पांढऱ्या रंगात नंबर घातलेली तुझी काळी ट्रंक अजून दाराआडच आहे, कुलूपसुद्धा काढलेलं नाही. रात्री उशिरापर्यंत गॅलरीत बसतोस म्हणे. फौज सोडून आलास ते असं बसायला? आमच्या मागच्या दोन खोल्या पावसाळ्यापासून रिकाम्या आहेत, हे किती वेळा सांगू?

रविवारी सकाळच्या एसटीने येते. ट्रंकेची किल्ली शोधून ठेव.

तुझी,
मावशी