स्वहस्तें घडविलेला कॅमेरा

आमचें हिंगोली मोठ्या शहरांपासून दूर. ‘साधनें नाहींत, तेथें कला कोठून येणार?’ असा प्रश्न आमचे विद्यार्थी वारंवार विचारतात. अशा वेळीं आम्हांस कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचें स्मरण होतें.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० सालचा. नाटकांचे पडदे रंगविणें हा व्यवसाय. चित्रपटाचा ध्यास लागतांच त्यांनीं विलायतेच्या तोंडाकडे न पाहतां, शिष्य दामले यांच्या साहाय्यानें कोल्हापुरांतच कॅमेरा घडविला. १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

परंतु आमच्या मनास अधिक भिडतो तो १९२५ सालचा ‘सावकारी पाश’. पडद्यावर पौराणिक कथांचें राज्य असतां बाबूरावांनीं कर्जापायीं जमीन गमावून गिरणीची वाट धरणारा शेतकरी दाखविला. ज्या घरीं पावसाच्या भरंवशावर कापूस पिकतो आणि पीक बुडालें कीं शहराच्या वाटेसाठीं गांठोडें बांधलें जातें, त्या घरच्या मुलांस ही कथा समजावून सांगावी लागत नाहीं.

तो मूकपट आज पाहावयास मिळत नाहीं. तथापि बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेले दामले, फत्तेलाल व शांताराम यांनीं १९२९ सालीं ‘प्रभात’च्या स्थापनेंत भाग घेतला, दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ सालीं व्हेनिस येथें गौरव झाला. बाबूराव १९५४ सालीं निवर्तले. गुरूची कृति हरपली, परंतु विद्या शिष्यांच्या हातीं उरली.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शिवाराचें सुखदुःख सांगावयास दुरून कोणी येईल, म्हणून थांबूं नका. हातीं पेन्सिल असेल, तर पेन्सिलीनेंच आरंभ करा.