रूप की श्वास?

सोलापूरला भाचीच्या नाकाचं ऑपरेशन ठरलं आणि घरात दोन तट पडले. आतला पडदा वाकडा आहे, रात्री तोंडाने श्वास घेते, तेव्हा करू दे, हा एक. पडद्याचं ठीक, पण त्याच भुलीत वरचं हाडही सरळ करून घेणार म्हणजे नखरेच की, हा दुसरा. (दुसऱ्या तटातली मंडळी इथे वाचायला येतात, म्हणूनच लिहितोय!)

तर मंडळी, १७९२ सालच्या टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी गडी कैद झाला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवं नाक दिलं. मेणाचं नाक बेतायचं, ते चपटं करून कपाळावर ठेवायचं, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. भुवयांमधला चिंचोळा पट्टा मात्र जोडलेलाच ठेवायचा, म्हणजे रक्त पोचत राहतं. आणि चिकटवायला काय, तर पाण्यात भिजवलेला कात! ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने हे छापलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसंच नाक केलं. कपाळाच्या कातडीची ही युक्ती आजही वापरतात.

मला स्वतःला त्या हकिकतीतला दहावा दिवस आवडतो. नाक दिसायला जमलेलं असायचं, तरी त्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालत, वाट बुजू नये म्हणून.